पिच क्लॉक चाललं, मग षटकांच्या गतीचे दंड का चालत नाहीत?

तिसरा_बेस (धागाकर्ता)
बेसबॉलचा धागा म्हटल्यावर "ते आपल्या विटीदांडूचं श्रीमंत भावंड ना?" असा पहिला प्रतिसाद येणार हे धरूनच चाललोय. तो देऊन झाला की पुढचं वाचा.

२०२३च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) पिच क्लॉक आलं, म्हणजे चेंडू टाकायला घड्याळ. बेस (धावपटूचे थांबे) रिकामे असतील तर पिचरला, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाला, १५ सेकंद, बेसवर धावपटू असेल तर २० (२०२४पासून १८). घड्याळ शून्यावर यायच्या आत त्याने टाकायची हालचाल सुरू केलेली हवी, चेंडू हातातून सुटलेलाच हवा असं नाही. उशीर झाला की बॅटरला एक बॉल फुकट (चार बॉल झाले की तो चालत पहिल्या बेसवर). बॅटरही सुटत नाही. घड्याळात ८ सेकंद उरायच्या आत त्याने तयार होऊन पिचरकडे बघायचं, नाहीतर एक स्ट्राइक त्याच्या नावावर (तीन झाल्या की बाद). टाइमआउट बॅटरच्या एका पाळीत एकच.

नऊ इनिंगच्या सामन्याला २०२१मध्ये सरासरी ३ तास १० मिनिटं लागत होती. २०२३मध्ये २ तास ४० मिनिटं. मोसमात २,४३० सामने होतात, त्यामुळे एकदोन दिवसांचा योगायोग म्हणायला जागा नाही.

इकडे कसोटीत दिवसाला ९० षटकं व्हायला हवीत. मानधन कापून झालं, कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतले गुण कापून झाले. २०२० सालच्या बॉक्सिंग डे कसोटीत ऑस्ट्रेलिया दोन षटकं मागे राहिली, ४ गुण गेले आणि त्या ४ गुणांपायी २०२१चा अंतिम सामना हुकला. यापेक्षा मोठी शिक्षा कोणती? तरी २०२३च्या अ‍ॅशेसमध्ये इंग्लंडचे १९ गुण गेलेच.

माझं मत: शिक्षा तिथल्या तिथे आणि खेळातच मिळाली तर माणूस सुधारतो. नंतर पावती पाठवून काही होत नाही. पटतंय का?

चहाबाज
ते आपल्या विटीदांडूचं श्रीमंत भावंड ना?

तिसरा_बेस
आभारी आहे. पुढे.

सिग्नलवाला
नंतरच्या पावतीला आपल्याकडे ई-चलान म्हणतात. कॅमेरा फोटो काढतो, मोबाइलवर मेसेज येतो आणि गाडीवाला लोकअदालतीची वाट बघतो, कारण तिथे तडजोडीत रक्कम कमी होण्याची आशा असते. तेच जर सिग्नल तोडल्याबरोबर गाडी पाच मिनिटं जागेवर बंद पडली असती, तर शहरं एका आठवड्यात सुधारली असती. धागाकर्त्याशी १०० टक्के सहमत.

जुना_स्कोअरर
असहमत, आणि कारण बेसबॉलच्याच नियमपुस्तकात आहे. बेस रिकामे असताना पिचरने ठरलेल्या वेळेत (आधी २० सेकंद, २००७पासून १२) चेंडू टाकावा, नाहीतर एक बॉल, हा नियम पिच क्लॉकच्या आधी कित्येक दशकं छापलेला होता. शिक्षा तीच आणि तिथल्या तिथेच. पंच ती लावत नव्हते, एवढंच.

म्हणजे फरक शिक्षेत नाही. फरक दोन गोष्टींत पडला. एक, मोजणारा बदलला. घड्याळ चालवायला आता वेगळा माणूस बसतो, बॅटरपुढच्या पाटीमागे, म्हणजे प्लेटमागे, उभ्या पंचाने मनात आकडे मोजायचे नाहीत. दोन, आकडा सगळ्यांना दिसतो: पिचरला, बॅटरला, प्रेक्षकांना. शून्य सगळ्या मैदानाने पाहिलं की पंचाला डोळेझाक करता येत नाही.

रसिका_टी
@जुना_स्कोअरर, मुद्दा आवडला. पण लोकांनी आकडा पाहून वाद घातला नसेल असं कसं होईल?

जुना_स्कोअरर
घातला ना, रसिकाताई! फेब्रुवारी २०२३मधला ब्रेव्हज आणि रेड सॉक्सचा सराव सामना. नववी इनिंग, ६-६ बरोबरी, बेस भरलेले, दोन बाद, तीन बॉल दोन स्ट्राइक. बॅटर वेळेत तयार नव्हता म्हणून पंचाने तिसरी स्ट्राइक दिली. इनिंग संपली, सामना बरोबरीत सुटला. बॅटर तर पहिल्या बेसकडे निघालाही होता, त्याला वाटलं चूक पिचरची आणि आपण जिंकलो. प्रेक्षकांनी हुर्यो केली. पण बघा, खऱ्या मोसमाच्या आधीच सगळ्यांना धडा मिळाला. त्याआधी मायनर (खालच्या) लीगमध्ये २०२२चा जवळजवळ अख्खा मोसम घड्याळ वापरून झालं होतं, त्यामुळे वर येणाऱ्या पोरांना सवय होती.

वऱ्हाडी_ठेचा
क्रिकेटमधे बी घड्याळ हाय ना बाप्पा. दोन षटकांच्या मधात ६० सेकंद. २०२४च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधे न्यूयॉर्कला अमेरिकेनं तिसऱ्यांदा उशीर केला अन् भारताले पाच धावा फुकट भेटल्या. ३० चेंडूंत ३५ पाहिजे होत्या, त्या ३० झाल्या. बेसबॉलवाल्या देशाचीच टीम घड्याळात सापडली!

तिसरा_बेस
हाहा, तो सामना विसरणं शक्य नाही. आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून आधी विराट आणि मग रोहित काढला होता, आणि घड्याळाने ती मेहनत थोडी वाया घालवली.

नियम पूर्ण सांगतो: षटक संपल्यापासून ६० सेकंदांत पुढचं षटक सुरू करायला संघ तयार हवा. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा ५ धावा. नवा फलंदाज येत असेल, पाणी चालू असेल, कोणाला लागलं असेल तर घड्याळ बंद. कसोटीत हेच २०२५पासून आलं, फक्त तिथे ८० षटकांनंतर ताकिदी पुसल्या जातात. आणि टी-ट्वेंटीत शेवटचं षटक ठरलेल्या वेळेत सुरू झालं नाही तर सीमारेषेकडचा एक क्षेत्ररक्षक आत घ्यावा लागतो. या दोन्ही शिक्षा खेळातल्याच आहेत आणि चालतायत. माझा मुद्दा तसा अजून उभा आहे.

डावखुरा
बेसबॉलच्या घड्याळाचा खरा परिणाम सामन्याच्या लांबीत नाही, बेस चोरण्यात आहे, म्हणजे पिचर टाकत असतानाच धावपटूने पळून पुढचा बेस गाठण्यात. त्यावर कोणीच बोललं नाही म्हणून सविस्तर.

घड्याळाबरोबर आणखी एक नियम आला. पिचरला एका बॅटरच्या पाळीत दोनदाच माउंडवरच्या (पिचरच्या उंचवट्यावरच्या) पट्टीवरून पाय काढता येतो. बेसवरच्या धावपटूला धाक दाखवायला फेकलेला चेंडूही यातच मोजला जातो. हा नियम नसता तर घड्याळ निरर्थक होतं, कारण दर वेळी पाय काढून घड्याळ नव्याने सुरू करून घेतलं असतं. तिसऱ्यांदा फेकायची मुभा आहे, पण त्यात धावपटू बाद झालाच पाहिजे. नाही झाला तर बॉक, म्हणजे धावपटू चालत पुढच्या बेसवर. त्यामुळे दोन फेकी झाल्या की धावपटू बेसपासून पाऊलभर आणखी लांब उभा राहतो. तो पुढच्या बेसवर गेला की फेकींची मोजणी पुन्हा शून्यापासून.

दुसरी युक्ती घड्याळाचीच. पिचर दर वेळी घड्याळ २ किंवा १वर आणून टाकत असेल तर धावपटूला नेमकं कळतं कधी सुटायचं. आता पिचरला टाकावंच लागणार. म्हणून शहाणा पिचर एकदा १२वर टाकतो, एकदा ३वर, एकदा चेंडू हातात धरून नुसताच उभा राहतो. नवशिके इथेच लुटले जातात.

वर बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली. कारण दिलं टकरी टाळण्याचं, पण पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. २०२२मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते, २०२३मध्ये ३,५०३. रोनाल्ड अकुन्याने त्या वर्षी ७३ बेस चोरून ४१ होमरनही मारले.

चहाबाज
चोरी वाढली आणि लोक टाळ्या वाजवतायत. असा एकच खेळ नाही हो, राजकारणही आहे.

संपादक_मंडळी
राजकारणाचे उपप्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयाला धरून.

रसिका_टी
अवांतर: २०२३मध्ये सामने लवकर संपायला लागल्यावर काही मैदानांनी बिअरची विक्री सातव्याऐवजी आठव्या इनिंगपर्यंत चालू ठेवली. अर्ध्या तासाचा गल्ला बुडाला ना!

सिग्नलवाला
हे भारी. नियम कोणताही आणा, टपरीवाला आधी हिशोब करतो.

कोल्हापुरी_रांगडा
माझा प्रश्न साधा हाय. घाई करून पोरांचे खांदे-कोपर मोडायलेत असं वाचलं. ते खरं का? मग हे घड्याळ काय कामाचं?

डावखुरा
वाद झाला आहे खरा. एप्रिल २०२४मध्ये खेळाडूंच्या संघटनेने घड्याळाकडे बोट दाखवलं. लीगने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल काढला आणि खापर वेगावर फोडलं. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४मध्ये ९४.२. म्हणजे १४७ किलोमीटरवरून जवळपास १५२. शिवाय प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकायचा आणि जास्तीत जास्त फिरवायचा.

माझ्या मते दोन्ही बाजू अर्धी गोष्ट सांगतात. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो तो वेगामुळे, आणि शस्त्रक्रियांचा चढ २०२३च्या बऱ्याच आधी सुरू झाला होता. पण २५ चेंडूंची लांबलेली इनिंग असेल तर पूर्वी पिचर माउंडमागे चक्कर मारून दम खायचा. ती सोय गेली, आणि दमलेला स्नायू अस्थिबंधाला कमी आधार देतो. पर्याय म्हणजे पूर्वीचे लोक करायचे ते: कमजोर बॅटरला ८५ टक्के ताकदीने टाकायचं. ते आज कोणी करत नाही, कारण संघ वेगाचेच पैसे देतात.

जुना_स्कोअरर
यात पिचकॉमचं नाव यायला हवं. कॅचर (बॅटरमागचा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) पिचरला बोटांनी खुणा करायचा, धावपटू दुसऱ्या बेसवर असला की खुणा बदलायच्या, पिचर मान हलवायचा, त्यात १५ सेकंद सहज जायचे. २०२२पासून कॅचरच्या मनगटावर बटणांची पट्टी आणि पिचरच्या टोपीत छोटा स्पीकर आला. बटण दाबलं की चेंडूचा प्रकार आणि जागा कानात. २०२३पासून पिचरही स्वतः बटणं दाबू शकतो. याच्याशिवाय घड्याळ पाळणं कठीण होतं. बोनस म्हणजे खुणाचोरी बंद. २०१७मध्ये ह्यूस्टनवाल्यांनी कॅमेऱ्याने खुणा पकडून कचऱ्याचा डबा बडवत बॅटरला इशारे दिले होते, त्याची गरजच संपली.

बिघडतं काय? गर्दीच्या आवाजात ऐकू येत नाही, मग पिचर कानावर हात दाबून उभा. यंत्र बंद पडलं तर पंचाला सांगून घड्याळ थांबवता येतं.

वऱ्हाडी_ठेचा
कचऱ्याचा डबा! आमच्याइथं गल्ली क्रिकेटमधे त्याच डब्याचा स्टंप असते.

गणित_पक्कं
घड्याळापेक्षा मोठा बदल २०२६पासून आहे: बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर आव्हान. चेंडू ठरलेल्या चौकटीत तर स्ट्राइक, बाहेर तर बॉल. आपल्या डीआरएसवाल्यांना समजायला सोपं, पण चार गोष्टी ध्यानात ठेवा.

प्रत्येक संघाला दोन आव्हानं. बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर देऊ शकतो, तेही लगेच, टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून. डगआउटकडे (संघ बसतो तिकडे) बघून सल्ला घ्यायचा नाही. आणि "अंपायर्स कॉल" हा प्रकारच नाही: चेंडूची कड चौकटीला चाटली तरी स्ट्राइक.

चौकट कशी ठरते? रुंदी प्लेटची, १७ इंच. उंची बॅटरच्या मोजलेल्या उंचीवरून: खालची रेघ २७ टक्क्यांवर, वरची ५३.५ टक्क्यांवर. अ‍ॅरन जज ६ फूट ७ इंच, म्हणजे २०१ सेंटीमीटर. त्याची चौकट जमिनीपासून ५४ ते १०७ सेंटीमीटर. होसे आल्तुवे ५ फूट ६ इंच, म्हणजे १६८; त्याची ४५ ते ९०. मोजणी प्लेटच्या पुढच्या कडेवर होत नाही, मधोमध होते. त्यामुळे पुढच्या कडेला चौकटीत असलेला आणि मागे पडताना खाली गेलेला कर्व्हबॉल पूर्वी कधी स्ट्राइक मिळवायचा, तो आता मिळवेलच असं नाही.

चहाबाज
म्हणजे पंचाचा निर्णय पाहून खेळाडू अधिकृतपणे डोक्याला हात लावणार. आम्ही हे फुकटात वर्षानुवर्षं करतोय.

रसिका_टी
=)) =)) आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

डावखुरा
@गणित_पक्कं, आव्हान कधी वापरावं हेही लिहा. पहिल्या इनिंगमध्ये बेस रिकामे असताना पहिल्याच चेंडूवर वापरणं म्हणजे उधळपट्टी. तीन बॉल दोन स्ट्राइक असताना एका निर्णयाने बॅटर बाद किंवा बेसवर, तिथे खरी किंमत. सरावात दिसलं की सर्वांत अचूक आव्हानं कॅचरची आणि सर्वांत चुकीची पिचरची. साहजिक आहे. पिचरला स्वतःचं लेकरू नेहमीच गोरं दिसतं. काही संघ पिचरला आव्हान द्यायचंच नाही असं सांगून ठेवतात.

सिग्नलवाला
एक शंका. पंच नाही, यंत्र मोजणार म्हटलं की सट्टेबाजांची सोय होत नाही का? एकेका चेंडूवर पैसे लावतात म्हणे.

जुना_स्कोअरर
सट्ट्याला यंत्राची गरज नाही, माणूस पुरतो. नोव्हेंबर २०२५मध्ये दोन पिचरवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल झालं. आरोप असा, की ठरवून चौकटीबाहेर चेंडू टाकले, म्हणजे त्या एका चेंडूवर पैसे लावणाऱ्यांचा फायदा. आरोप आहेत, निकालाचं मी बोलत नाही. आपल्याला २०१०चे लॉर्ड्सवरचे नो-बॉल आठवतील, तत्त्व तेच. एक चेंडू विकणं सामना विकण्यापेक्षा सोपं, कारण संघ जिंकला तरी काम होतं. लगोलग लीगने सट्टा कंपन्यांकडून एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा लावून घेतली. भारताने ऑगस्ट २०२५मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळच कायद्याने बंद केले. कोणता उपाय बरा यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

कोल्हापुरी_रांगडा
बघायचं कधी, ते सांगा की कुणीतरी. रात्री जागायचं का?

तिसरा_बेस
उलट, सकाळी उठायचं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क, बॉस्टनचा संध्याकाळी ७:०५चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ला सुरू होतो आणि सव्वासातच्या आसपास संपतो. लॉस एंजेलिसचा ७:१०चा सामना सकाळी ७:४०ला. घड्याळामुळे आता ऑफिसला निघायच्या आत पहिला सामना पूर्ण होतो. प्ले-ऑफमध्ये मात्र भरवसा नाही. नियमित मोसमात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवतात, प्ले-ऑफमध्ये ठेवत नाहीत. २०२५च्या वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) तिसरा सामना १८ इनिंग, ६ तास ३९ मिनिटं चालला. आपल्याकडे पहाटे साडेपाचला बसलेला माणूस जेवायच्या वेळेला उठला.

गणित_पक्कं
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण कोणीच हिशोब मांडला नाही. कसोटीचा दिवस ६ तास, ३६० मिनिटं. ९० षटकं, मधल्या प्रत्येक खंडाला पूर्ण ६० सेकंद धरले तर ९० मिनिटं गेली. उरली २७० मिनिटं, चेंडू ५४०. म्हणजे एका चेंडूला बरोबर ३० सेकंद. त्यातूनच विकेट, रिव्ह्यू, पाणी, साइटस्क्रीन सगळं भागवायचं. लांब रनअपच्या गोलंदाजाला परत जाऊन, वळून, धावत येऊन टाकायला ४० सेकंद लागले असं समजा: ५४० गुणिले ४० सेकंद म्हणजे सरळ ३६० मिनिटं. षटकांच्या मधे श्वास घ्यायलाही वेळ नाही.

म्हणून षटकांमधल्या घड्याळाने कसोटीची गती फारशी सुधारणार नाही. वेळ गळतो तो चेंडू आणि चेंडूच्या मधे. पिचर ६० फूट ६ इंचांवर उभ्याने टाकतो, त्याला चेंडूगणिक घड्याळ लावता येतं. गोलंदाजाला लावलं तर त्याचा रनअपच कापावा लागेल.

जुना_स्कोअरर
आणि कसोटीत विकेट, रिव्ह्यू, दुखापत या सगळ्यांची सूट सामन्यानंतर बसून वजा करतात. किती षटकं कमी पडली हे खेळ चालू असताना मैदानात कोणालाच नेमकं दिसत नाही. मी वर म्हटलं तेच: आकडा दिसला पाहिजे. धावफलकावर "उणे ३ षटकं" असं दिवसभर झळकत ठेवा, मग बघा कर्णधार काय करतो ते.

तिसरा_बेस
हे मान्य करतो. शिक्षा आधी की आकडा आधी, यात मी आकड्याच्या बाजूला सरकलो. पण उणे ३ दिसल्यावर कर्णधार करेल काय? दोन्ही बाजूंनी फिरकी लावेल.

डावखुरा
लावू दे की. फिरकीचं षटक अडीच मिनिटांत होतं.

चहाबाज
मग बापू नाडकर्णींना आणा. नाशिकचा माणूस, मद्रास, जानेवारी १९६४, इंग्लंडविरुद्ध: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, सलग २१ षटकं निर्धाव. घड्याळ एकदम खूश.

वऱ्हाडी_ठेचा
अन् प्रेक्षक?

चहाबाज
प्रेक्षकांना टाइमआउट एकच आहे, तो जेवणानंतर घेतात.